डिझेलचा काटा आणि दूरदृष्टि

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपल्याकडे लहान मुलालाहि ठाऊक असतें. परंतु ज्याच्या धंद्यांत ही म्हण दररोज कसोटीला लागते, असा एक वर्ग आपल्या डोळ्यांसमोरून अहोरात्र जात असूनहि आपण त्याचा क्वचितच विचार करतों. तो वर्ग म्हणजे मालमोटारी हांकणाऱ्या ड्रायव्हरांचा. आपल्या स्वयंपाकघरांतील साखर, कांदे, डाळ, तेल, इतकेंच काय पण मुलांच्या वह्यांचा कागदहि त्यांच्या चाकांवरून येतो. टाकींत डिझेल किती उरलें आहे, पुढचा पंप किती दूर आहे, आणि मध्यें चढ किती आहेत, हें त्रैराशिक हा मनुष्य मनांत सतत मांडीत असतो. तें चुकलें म्हणजे काय होतें, आणि चुकल्याचा दोष खरोखर कोणाकडे जातो, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील शिरूर व दौंड हे दोन तालुके या विचाराला फार सोयीचे आहेत. घोड नदीच्या कांठचें शिरूर हें पुण्याहून अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरास, जाणाऱ्या हमरस्त्यावर पुण्यापासून सुमारें ७० किलोमीटरांवर आहे. याच पुणें-नगर मार्गावर १ जून १९४८ रोजीं आपल्या एस. टी. ची पहिली गाडी धांवली. दौंड हें भीमेच्या कांठीं, आगगाडीचें मोठें जंक्शन. १८७८ सालीं मनमाडचा फांटा सुरू झाल्यापासून त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. तालुक्यांतून पुणें-सोलापूर हमरस्ता यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा जातो. शिरूर तालुक्यांत रांजणगावची आणि दौंड तालुक्यांत कुरकुंभची औद्योगिक वसाहत. पाटस व आलेगाव येथें साखरकारखाने. त्यामुळें या भागांत मालमोटारींची वर्दळ बारमास असते, आणि उसाचा हंगाम आला म्हणजे तिला पूर येतो. हमरस्त्यांवर पंपांची वाण नाहीं. पण शिरूरहून न्हावरे, पारगांव अशा वाटेनें चौफुल्याकडे निघालें, किंवा उसाच्या फडांतून निघणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागलें, म्हणजे हिशेब निराळा होतो. फडांत पंप कोठून असणार?

वाफेच्या एंजिनांच्या काळीं दौंडसारख्या स्टेशनांत एंजिनाला कोळसा-पाणी घेण्याची जागा व वेळ ठरलेली असे. रेल्वेच्या वेळापत्रकानें तो विचार एंजिनवाल्यासाठीं आधींच करून ठेवलेला असे. मालमोटारवाल्याला असें वेळापत्रक नाहीं. आपलें पाणवठ्याचें ठिकाण त्याचें त्यालाच ठरवावें लागतें, आणि तेंहि अशा काट्याच्या भरंवशावर, जो नेहमी खरें बोलतोच असें नाहीं. टाकींतील तरंगता गोळा गाडी चढावर असतां एक सांगतो, उतारावर दुसरेंच. म्हणूनच जुने ड्रायव्हर अजूनहि टाकींत लांकडी पट्टी बुडवून ओल कोठवर आली तें पाहतात, आणि काट्यापेक्षां मागच्या वेळीं टाकी भरल्यापासून झालेल्या किलोमीटरांवर अधिक विश्वास ठेवतात.

पेट्रोलची मोटार तेल संपून थांबली तर डबाभर पेट्रोल आणून ओतलें कीं बहुधा पुन्हां चालूं लागते. डिझेलच्या एंजिनाचें तसें नाहीं. रूडोल्फ डिझेल या यंत्रज्ञानें १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें जें एंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें तत्त्व असें कीं, सिलिंडरांतील हवा दाबून इतकी तापवावयाची कीं तींत फवारलेलें तेल ठिणगीवांचून पेटावें. हा फवारा मोठ्या दाबानें आणि नेमक्या क्षणीं उडावा लागतो. तेल सहसा दबत नाहीं, म्हणून पंपाचा जोर फवाऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोंचतो. परंतु टाकी रिकामी होऊन नळींत हवा शिरली, कीं तो सारा जोर हवेचा बुडबुडा दाबण्यांतच खर्च होतो आणि तेल पुढें सरकत नाहीं. गाडीनें ‘एअर घेतली’ असें ड्रायव्हर लोक म्हणतात तें हेंच.

मग नुसतें डिझेल ओतून भागत नाहीं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबीत राहावें लागतें. प्रथम फेंस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटीं अखंड धार लागते. धार लागली कीं स्क्रू आवळावयाचा. जुन्या गाड्यांत तेवढ्यानें न भागलें तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नटहि सैल करून त्यांतली हवा काढतात. १ एप्रिल २०२० पासून ज्या भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या, त्यांच्या नळ्यांतील दाब इतका प्रचंड असतो कीं एंजिन चालू असतां तेथें हात घालणें जिवावर बेतूं शकतें. तेथें जाणता मेकॅनिकच हवा. शिवाय तेलाच्या पंपाला वंगण मिळतें तें डिझेलचेंच. कोरडा फिरला तर तो झिजतो. टाकीच्या तळाशीं साचलेलें पाणी व गाळहि शेवटच्या घोटांबरोबर ओढला जातो. म्हणजे दहा लिटर तेलाच्या चुकीचें बिल कधीं कधीं हजारोंच्या घरांत जातें.

या नव्या गाड्यांत आणखी एक टाकी सांभाळावी लागते. धुरांतील विषारी वायु कमी करण्यासाठीं शेंकडा साडेबत्तीस युरिया असलेलें एक शुद्ध द्रावण त्यांना लागतें. ड्रायव्हर त्याला नुसतें ‘युरिया’च म्हणतात. तें संपत आलें कीं गाडीचा जोर यंत्रच आपण होऊन कमी करतें. शेतांतलें खत पाण्यांत कालवून ओतण्याचा मोह येथें फार महागांत पडतो; त्यांतील मळानें सारी यंत्रणा बिघडते.

आतां त्रैराशिकाकडे वळूं. समजा, ३०० लिटरांची टाकी आहे आणि भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर जाते. काटा पावावर आला, म्हणजे ७५ लिटर उरले. कागदावर ३०० किलोमीटरांची सोय झाली. रांजणगावाहून न्हावाशेव्याचें बंदर दोनशें किलोमीटरांच्या आंत आहे. तेव्हां काळजी कसली, असें आपण म्हणूं. परंतु तळाचें तेल नळीला येत नाहीं, तें वजा करा. पुणें शहराच्या कडेला वाहनांची कोंडी झाली, तर एंजिन जाग्यावर चालू राहूनहि तासाला एक-दोन लिटर खातें, तें वजा करा. घाटाच्या चढावर चाराचे दोन होतात, तें वजा करा. आणि काटाच खोटा निघाला तर? म्हणून शहाणे ड्रायव्हर पावाच्या खालीं जाऊं देत नाहींत. गृहिणी डब्याच्या तळाचे तांदूळ धरून महिन्याचा हिशेब करीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

इतकें सारें कळत असूनहि टाकी रिकामी कां राहते? येथेंच या विषयाचें मर्म आहे. सुखवस्तु वाचकाला वाटेल, हा आळस किंवा निष्काळजीपणा. पुष्कळदां तो तसा नसतो; तो पैशाचा प्रश्न असतो. डिझेलच्या किंमतीवरील सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्यें उठलें, आणि जून २०१७ पासून भाव रोज बदलूं लागले. लिटरला नव्वद रुपये धरले तर वरील टाकी एकदां भरावयास २७,००० रुपये लागतात. भाड्याची पूर्ण रक्कम माल उतरल्यावर, कित्येकदां त्यानंतरहि बऱ्याच दिवसांनीं हातीं येते. आगाऊ मिळालेल्या रकमेंत डिझेल, टोल, ड्रायव्हर-क्लीनरचें जेवण आणि वाटेंतला पंक्चर हें सारें बसवावयाचें. लहान मालक मग खेपेपुरतेंच डिझेल घालतो. कांहीं मालक किलोमीटर मोजून नेमकें तेल देतात. जास्त लागलें तर ड्रायव्हरच्या पगारांतून कापतात, उरलें तर तें त्याचें. शिवाय रात्रीं धाब्यावर झोंप लागली असतां टाकींतून डिझेल काढून नेणारे चोरहि असतात. भरलेली टाकी ही त्यांना मेजवानीच. तेव्हां टाकी अर्धी रिकामी ठेवणें हा निष्काळजीपणा नसून अडचणींत सांपडलेल्या माणसाचा हिशेबच असतो. त्या हिशेबांतील जोखीम मात्र मालकाच्या वहींत लिहिली जात नाहीं; ती रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या ड्रायव्हरच्या अंगावर पडते.

तेल वांचविण्याच्या या ओढाताणींतून एक घातक संवय जन्मास आली आहे. उतार लागला कीं गिअर काढून गाडी नुसती सोडून द्यावयाची, क्वचित् एंजिनच बंद करावयाचें. वास्तविक आजच्या एंजिनांत गाडी गिअरमध्यें ठेवून पाय उचलला तर उतारावर तेल जवळजवळ बंदच होतें. उलट गिअर काढल्यावर एंजिन चालू ठेवण्यापुरतें तेल लागतेंच. म्हणजे ही बचत बहुधा भ्रामक. एंजिन बंद केलें तर ब्रेकांना हवा पुरविणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होतें, आणि एंजिनाचा स्वतःचा आवर नाहींसा होतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनानें अनेक मोटारींना धडक दिली. ब्रेक निकामी झाले नव्हते, तर उतारावर एंजिन बंद ठेवलें होतें, असें प्राथमिक तपासांतून पुढें आल्याचें त्या वेळीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. चार-दोन लिटरांच्या लोभाची किंमत इतकी असूं शकते.

आणि गाडी थांबलीच तर? दिवसा ती अडचण असते. रात्रीं तें संकट असतें. पंधरा-वीस टनांची गाडी दोघांनीं ढकलून कडेला घेतां येत नाहीं. मागून येणाऱ्याला ती दिसावी म्हणून चमकणारा त्रिकोण ठेवावा, मागचे दिवे लुकलुकते ठेवावे, हें खरें. पण अनेकदां झाडाची फांदी आणि चार दगड यांवरच काम भागवितात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तेथेंच राहतात. त्यांवर मग एखादा दुचाकीवाला जाऊन आदळतो. हंगामांत उसाच्या गाड्यांची पांचटें मागें लोंबत असतात, त्यांत दिवा झांकून जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२२ वें कलम वाहन धोकादायक स्थितींत रस्त्यावर सोडण्यास मनाई करतें. परंतु कलमानें डिझेल मिळत नाहीं. उसाचें दुःख तर आणखी निराळें: तोडलेला ऊस जितका वेळ वाटेंत पडेल तितकें त्याचें वजन व साखर घटते. म्हणजे एका टाकीच्या रितेपणाचा फटका शेतकऱ्यालाहि बसतो.

या विषयाची एक बाजू मात्र १ जानेवारी २०२४ रोजीं सर्वांच्याच लक्षांत आली. अपघातांत मनुष्य दगावला असतां खबर न देतां पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद भारतीय न्याय संहितेंत झाल्यामुळें ड्रायव्हरांनीं चाकें थांबविलीं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेलसाठ्यांतून टँकर निघेनासे झाले, आणि महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या पंपांवर मोटारी व दुचाक्यांच्या रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशीं रात्रीं केंद्रीय गृहसचिवांशीं वाहतूकदारांच्या संघटनेचीं बोलणीं होऊन प्रकरण निवळलें. पुढें १ जुलै २०२४ रोजीं संहिता अमलांत आली तेव्हां तें पोटकलम तेवढें मागें ठेवण्यांत आलें. त्या कलमाच्या योग्यायोग्यतेचा वाद येथें नको. परंतु त्या दोन दिवसांत एक साधें सत्य उघड झालें. पुणें जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर मुंबईचें तेल जमिनीखालच्या नळांतून लोणी काळभोरच्या साठ्यांपर्यंत येतें. पण तेथून शिरूर-दौंडच्या पंपांपर्यंत तें टँकरवालाच नेतो. आपल्या मोटारीची टाकी पंप भरतो, आणि पंपाची टाकी तो भरतो. ज्याच्या हातून सर्वांच्या टाक्या भरतात, त्याच्याच वर्गाला आपली टाकी पुरी भरण्याची ऐपत नसावी, ही विसंगति विचार करण्यासारखी आहे.

यावर उपाय फार गहन नाहीं. ज्यांच्या घरीं मालमोटारींचा किंवा मालाच्या पाठवणीचा धंदा आहे, आणि आपल्या वाचकांत अशीं घरें थोडीं नाहींत, त्यांनीं भाडें ठरवितांना पाव टाकी डिझेल हें खर्चांत न धरतां राखीव भांडवलांत धरावें. पगारांतून तें कापूं नये. आणि माल पोंचल्यावर भाडें अडकवून ठेवूं नये. एका लहान गाडीवाल्याचें अडकलेलें भाडें म्हणजे त्याच्या पुढच्या खेपेचें डिझेल होय. ज्यांचा असा धंदा नाहीं त्यांनाहि कांहीं करतां येईल. रात्रीं शिरूरच्या किंवा सोलापूरच्या रस्त्यानें जातांना वाटेंत फांदी आडवी दिसली, तर तिला अडगळ समजून शिव्या न देतां मोटारीचा वेग उतरवावा. त्या फांदीच्या पलीकडे बहुधा एक क्लीनर अंधारांत हातपंप दाबीत उभा असतो, आणि नळींतून बुडबुडे संपून धार कधीं लागते याची वाट पाहत असतो.