तेल टाळूला, तोंडाला नव्हे

बारशाच्या फोटोत बाळाचा चेहरा लोण्यासारखा असतो. आठ-दहा दिवस जातात आणि एका सकाळी गालांवर, कपाळावर, हनुवटीवर लाल पुटकुळ्या उठलेल्या दिसतात. काहींच्या टोकाला पांढरा-पिवळा ठिपका. बाळ पोटभर पितं, गाढ झोपतं. झोप उडते ती मोठ्यांची.

बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर १९७८च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक सिटी वसू लागली. पुण्यात १९८१मध्ये जन्मलेली इन्फोसिस पुढे इथेच विस्तारली, आणि नोकरीच्या ओढीने मराठी पोरंही आली. सुनेचे दिवस भरले की कोल्हापूर-सोलापूरहून रात्रीच्या बसने आजी येते. पिशवीत डिंक, अळीव, बाळंतशेप आणि घाण्याचं तेल.

पुटकुळ्या दिसल्या की निदानं सुरू होतात. "अळिवाची खीर जरा कमी कर गं, उष्णता बाधली बाळाला," आजी म्हणते. मालीशवाली कन्नड अज्जी हरळेण्णे, म्हणजे एरंडेल, लावायला सांगते. वडील फोनवर फोटो मोठा करून बघत बसतात. तिघांचं बोलणं ऐकून बाळंतीण मनातल्या मनात स्वतःलाच दोष देते.

तिचा काहीएक दोष नाही. पोटात असताना आईकडून मिळालेली आणि बाळाच्या स्वतःच्या अॅड्रिनल ग्रंथींतून स्रवणारी संप्रेरकं त्वचेतल्या तैलग्रंथी जाग्या करतात. जन्मानंतरचे काही आठवडे त्या जोमाने काम करतात, मग आक्रसतात आणि वयात येण्याच्या सुमारापर्यंत गप्प राहतात. साधारण पाचातल्या एका बाळाला दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात असे मुरूम येतात. आईच्या खिरीशी त्यांचा संबंध नाही.

यात आणखी एकाचा हात असावा असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात: मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट. ते आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहतं. त्याची गंमत अशी, की त्याला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत. जगायला बाहेरून तेल लागतं. प्रयोगशाळेत ते वाढवायचं तर खाद्यात ऑलिव्ह तेल घालतात.

आता न्हाणीघरात बघा. आजी पाटावर पाय पसरून बसली आहे, बाळ तिच्या पायांवर. टाळूवर चमचाभर तेल जिरवलं जातं. न जिरलेलं कपाळावर ओघळतं आणि आजी तेच बोटाने गालांवर फिरवते. शेवटी डाळीचं पीठ, साय आणि हळद. नेमकी जिथे तैलग्रंथींची गर्दी, तिथेच वरून तेल आणि खरबरीत पिठाची घासणी!

मालीश बंद करायची गरज नाही. हातापायांना, पाठीला ती खुशाल करावी; चेहरा तेवढा सोडावा. दिवसातून एकदा कोमट पाण्याने तोंड धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. पिलेलं दूध बाहेर आलं, लाळ गळली, तर लगेच टिपून घ्यायची. पुटकुळी दाबायची नाही. पावडर, सुगंधी क्रीम, मोठ्यांचं मुरमांचं मलम, शेजारणीने दिलेली स्टिरॉइडची ट्यूब, सगळं कपाटात. धुरीही नको, ओव्याची असो वा इथल्या सांब्राणीची, त्या धुराने बाळाची छाती घुसमटते.

प्रत्येक पुरळ मुरूम नसतो. नाकावर जन्मापासून मोत्यासारखे पांढरे दाणे असतात, ते केराटिनचे, आपोआप जातात. पहिल्या दोन-तीन दिवसांत अंगभर लाल चट्टे येतात, तेही निरुपद्रवी. बंगळुरूची हवा थंड म्हणून बाळाला कुंची, स्वेटर आणि दुपट्यात गुंडाळलं, की मानेच्या वळ्यांत घामोळ्या उठतात. त्यांना एक थर कमी करणं एवढंच औषध.

पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका दिसला, पू वाहू लागला, बाळ पिईना, मलूल झालं किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. दीड-दोन महिन्यांनंतर नव्याने काळी-पांढरी तोंडं असलेले कठीण मुरूम आले, तर तेही बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत. ते महिनोन्‌महिने टिकू शकतात आणि कधी व्रणही ठेवतात.

नवजात मुरूम मात्र काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत, मागमूस न ठेवता जातात. अडचण एवढीच, की सव्वा महिना झाला की आजीची परतीची बस असते. स्वच्छ झालेला चेहरा तिला बहुधा व्हिडिओ कॉलवरच दिसतो. तेव्हा ती म्हणणार, "बघ, अळीव बंद केलास ना!" सुनेने त्यावर हसावं, आणि खिरीची वाटी कॅमेऱ्यापुढे धरावी.