साठ चौकोनांचं रान

डिसेंबर लागला की गावोगावच्या ड्रेपरीच्या दुकानांत शिक्षकांची आणि पालकांची झुंबड उडते. जिरेटोप, मावळ्यांच्या पगड्या, सशाचे कान, परीचे पंख, सगळं भाड्याने मिळतं. आज नेलं, उद्या स्नेहसंमेलन, परवा परत. चार मिनिटांच्या नाचापुरतं हे ठीकच आहे. पण शाळेत खरोखरीचं नाटक बसतं, तेव्हा भाड्याच्या बोचक्याबरोबर नाटकाचं निम्मं काम शाळेबाहेर जातं. चाळीस मुलांच्या वर्गातली दहा-बारा रंगमंचावर उभी राहतात. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त टाळ्या वाजवणं उरतं. त्यांच्यातच चित्र काढणारी, कातरकाम करणारी, घरी आजीच्या शिवणयंत्रापाशी बसणारी मुलं असतात.

मराठी रंगभूमीला असे हात नवे नाहीत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव कोणत्याही कलाशाळेत गेले नव्हते. 1910च्या सुमारास दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले, तेव्हा 1890 साली जन्मलेले बाबूराव जेमतेम विशीचे होते. पुढे सिनेमा काढतानाही हीच नजर त्यांच्या कामी आली. तिकडे कोकणातल्या दशावतारात पडद्यांचा थाट नसतो. एका बाकड्यावर दरबार भरतो, त्याच बाकड्याशी रान आणि रणांगण होतं. नट पेटाऱ्यातले कपडे काढतात आणि आपला चेहरा आपणच रंगवतात. सुधा करमरकरांनी 1959 साली ‘लिटल थिएटर’च्या ‘मधुमंजिरी’तून मुलांसमोर डोळे दिपवणारं बालनाट्य उभं केलं. ते लिहिलं होतं रत्नाकर मतकरींनी, आणि याच मतकरींनी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांना स्वतःची नाटकं स्वतः रचायला लावली. शाळेला यातलं काहीही घेता येईल, थाट किंवा बाकडा. मात्र तो निर्णय मुलांसमोर व्हायला हवा.

कामाची सुरुवात सुई-कात्रीने नव्हे, वाचनाने होते. संहिता हाती आली की प्रयोगाच्या निदान सहा आठवडे आधी सगळ्यांनी मिळून ती मोठ्याने वाचायची आणि फळ्यावर तक्ता आखायचा: प्रवेश कोणता, पात्र कोण, अंगावर काय, हातात काय, कुठल्या विंगेतून येतं, कपडे बदलायला वेळ किती. हा तक्ता भरताना मुलं नाटक जितकं बारकाईने वाचतात, तितकं परीक्षेसाठीही वाचत नसतील. ‘म्हातारी कंदील घेऊन येते’ एवढंच लिहिलेलं असतं. मग तो कंदील पुढच्या प्रवेशात कुठे गेला, हा प्रश्न बहुधा एखाद्या एरवी गप्प बसणाऱ्या मुलीलाच पडतो. नोंदवही तिच्याकडेच द्यावी.

मग गट पडतात: कपडेपट, प्रॉपर्टी आणि पडदा. इथे शिक्षकांनी एका गोष्टीवर ठाम राहायला हवं. सुई मुलींकडे आणि हातोडा मुलांकडे, ही वाटणी आपोआप होते, आणि ती मोडावीच लागते. बटण लावायला शिकलेला मुलगा आणि खिळा सरळ ठोकणारी मुलगी दोघंही घरी जाऊन ते आनंदाने सांगतात.

कपड्यांसाठी पैसे फार लागत नाहीत. सगळ्यांना साधा सदरा-पायजमा हा पाया धरायचा आणि त्यावर शेला, मुंडासं, कमरपट्टा, उपरणं चढवून माणसं वेगळी करायची. छाती, कंबर, खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात ही मापं मुलांनीच घ्यायची. बेगड आणि टिकल्या शेवटी. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजोबांना टिकली दिसत नाही, रंग आणि आकार दिसतो. म्हणून प्रत्येक वस्तू एकदा दिवाणखान्याइतक्या नव्हे, सभागृहाइतक्या अंतरावरून बघायची. दिव्यांचंही तसंच. लाल जिलेटिन कागदातून उजेड पडला की हिरवा झगा काळपट दिसतो. टॉर्चवर कागद धरून हे दोन मिनिटांत पडताळता येतं, आणि विज्ञानाच्या तासाला सांगायचं राहून गेलेलं इथे चटकन कळतं.

सगळ्यात मजा पडद्याला येते. समजा, रानाचा देखावा हवा आहे. घरोघरच्या जुन्या, फिक्या रंगाच्या सुती साड्या मागवायच्या. पाच मीटर लांब आणि सव्वा वार रुंद अशा तीन साड्या आडव्या जोडल्या, शिवणी आणि वरचा बांबू ओवायचा नेफा वजा केला, की पाच बाय तीन मीटरचा पडदा सहज निघतो. त्यावर पातळ डिस्टेंपरचा एक हात मारून तो वाळवायचा. दरम्यान चित्र कागदावर तयार करायचं, 50 बाय 30 सेंटिमीटर, आणि त्यावर पाच-पाच सेंटिमीटरचे चौकोन आखायचे. लांबीत दहा, उंचीत सहा, म्हणजे साठ. कापडावर तेच चौकोन पन्नास सेंटिमीटरचे. रेषा मात्र पट्टीने आखायच्या नाहीत. सुतार रंगीत दोरा ताणून जसं सूत मारतो, तसं मारायचं. शक्य असेल तर गल्लीतल्या सुतारालाच तासभर बोलवावं. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची कल्पना आहेच. नाटकाचे दिवस त्यासाठी उत्तम.

साठ चौकोन, तीस मुलं, प्रत्येकाचे दोन. शेजाऱ्याच्या चौकोनातली फांदी आपल्या चौकोनात नेमकी कुठे शिरते, हे त्याला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुणोत्तराचं गणित फरशीवर पसरतं आणि मुलं त्यावर रांगत असतात.

प्रॉपर्टीला घाई चालत नाही. फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवून मडकं होतं, पण प्रत्येक थर नीट वाळू द्यावा लागतो. एक थर छापील कागदाचा, पुढचा कोऱ्या कागदाचा असा घेतला, की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. तलवारीसाठी पुठ्ठ्याचे तीन थर लावायचे, मधल्याची नळी आडवी, बाहेरच्यांची उभी. मग ती वाकत नाही. थर्माकोलकडे वळूच नये. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि त्याचा चुरा हॉलभर होतो तो वेगळाच. झिरमिळ्या कागदाचे आणि कृत्रिम धाग्याचे कपडे तापलेल्या दिव्यांपासून लांब ठेवायचे, हेही मुलांना काम सुरू करतानाच सांगायचं. रंगीत तालमीची वाट न पाहता नकली मडकं आणि तलवार आधीच्या तालमींत आणावी. नटाच्या हाताला वस्तूची सवय नसेल, तर प्रयोगात ती परकी दिसते.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत एक टेबल लागतं. त्यावर पांढरा कागद, कागदावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आणि खाली नाव. कंदील परत आला की त्याच्या रेषेत जातो. एखादी रेषा रिकामी राहिली, तर प्रॉपर्टीप्रमुख कुजबुजत धावतो. कपडेपटाच्या मुलीच्या ओढणीला शेफ्टीपिनांची रांग लागलेली असते आणि खिशात दोरा ओवलेली सुई. कुणाचा नाडा तुटणार, कुणाचं मुंडासं सुटणार, हे तिला तालमींवरून आधीच माहीत असतं. प्रयोग संपल्यावर नावं पुकारताना तिचं नाव नायकाच्या नावाबरोबर यावं, तळटिपेत नव्हे.

दुसऱ्या दिवशी साड्यांचं रान बांबूवर गुंडाळलं जातं. कापडाची चिठ्ठी बाहेर दिसेल अशी शिवतात: नाटक, वर्ग, साल, लांबी, रुंदी. पाठीमागची बाजू अजून कोरी असते.