जळक्या तेलाचा वास आणि इंजिन उतरवण्याची घाई

खंबाटकीचा घाट चढून आलेली पंधरा-सोळा वर्षांची एसयूव्ही सुरूरजवळ चहासाठी थांबते. इंजिन बंद करण्यापूर्वीच एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा उग्र दर्प आत शिरतो. बॉनेट उघडले की निळसर धुराची बारीकशी रेघ दिसते आणि पाहता पाहता विरून जाते. गाडी पुन्हा धावू लागली की वासही नाहीसा होतो. चार-आठ दिवसांनी गॅरेजमध्ये निदान ऐकायला मिळते, ते म्हणजे इंजिन तेल खाऊ लागले आहे, काम काढावे लागेल. हा खर्च काही वेळा गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. मग एरवी ठणठणीत असलेली गाडी मातीमोल भावाने विकली जाते.

वस्तुतः इंजिनाने तेल खाणे आणि बॉनेटखाली तेल जळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल सिलिंडरच्या आत जळते. त्याचा निळा धूर सायलेन्सरच्या तोंडातून, म्हणजे गाडीच्या मागून निघतो. उभ्या गाडीत पुढच्या जाळीतून वास येत असेल, तर तेल बहुधा इंजिनाच्या बाहेर, एखाद्या तापलेल्या भागावर पडून जळत असते. ताजी हवा आत घेण्याचा मार्ग समोरच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटला लागूनच असतो. गाडी धावताना हवेचा झोत धूर खाली आणि मागे रेटतो. सिग्नलला थांबताच तो वर चढतो आणि ब्लोअर त्याला आत ओढतो. एसीची कळ आतल्याच हवेवर ठेवल्यास वास कमी झाला, तर उगम बॉनेटखाली आहे असे समजण्यास हरकत नाही.

टाटा सुमो १९९४ साली, सफारी १९९८ साली, बोलेरो आणि क्वालिस २००० साली, तर स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली. या पिढीतील अनेक गाड्या अद्यापही रस्त्यावर आहेत. इतक्या वर्षांत लोखंडापेक्षा रबर आधी म्हातारे होते, आणि ते कोणत्याही कंपनीच्या गाडीत होते. इंजिनाच्या माथ्यावर असलेले टॅपेट कव्हर आणि हेड यांच्यामध्ये रबराचे पॅकिंग असते. हजारो वेळा तापून आणि थंड होऊन ते प्लॅस्टिकसारखे कडक व चपटे बनते. त्याच्या कडेने तेल झिरपू लागते, आणि कित्येक इंजिनांत नेमके त्याच्या खालीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असते. घाटात ते कित्येकशे अंशांपर्यंत तापते. इंजिन तेलाची वाफ मात्र साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेण्याजोगी होते. म्हणूनच दिवसाला दोन-चार थेंब गळत असले तरी गाडी भरून वास येतो, आणि पार्किंगच्या फरशीवर एकही डाग दिसत नाही!

प्रत्येक जळका वास तेलाचाच असतो असेही नाही. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी चालवली की कागद जळाल्यासारखा वास येतो. कूलंटचा वास गोडसर असतो. चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसचे सील गळून ते तेल सायलेन्सरवर पडले, तर त्यातील गंधकयुक्त रसायनांमुळे कुजक्या अंड्यासारखा दर्प येतो. रस्त्यावरून उडालेली प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून जळणे हेही आपल्याकडे नवलाचे नाही. त्यासाठी गाडीखाली एकदा वाकून पाहणे पुरते.

वास सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाला असेल, तर फिल्टर बदलताना सांडलेले तेल जळत असण्याचा संभव अधिक. एक-दोन फेऱ्यांत तो थांबतो. न थांबल्यास फिल्टरकडे तातडीने पाहावे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग काही वेळा इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो. अशा दुहेरी रिंगेतून तेलाचा दाब अचानक सुटला, तर काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते.

गळतीचा उगम शोधताना सर्वाधिक चुका होतात, कारण तेल जिथे दिसते तिथून ते आलेले नसते. ते वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीतील वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे ओल्या डागाच्या वर आणि पुढे शोधत जावे लागते. जुन्या इंजिनावर वर्षानुवर्षांचा काळा थर बसलेला असतो, त्यात ताजी गळती ओळखू येत नाही. म्हणून आधी थंड इंजिन स्वच्छ करून घ्यावे. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू देऊ नये. संशयित सांध्यांभोवती टाल्कम पावडर भुरभुरवावी, तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवावी आणि इंजिन निवल्यावर टॉर्च घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. मॅनिफोल्डच्या मागची बाजू पाहण्यास दाढीचा लहान आरसा उपयोगी पडतो.

याच काळात डिपस्टिकची नोंद ठेवावी. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पातळी पाहून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. वास भरपूर, पण पातळी जवळजवळ स्थिर, असे असेल तर ती किरकोळ गळती होय. पातळी झपाट्याने उतरते आणि मागून निळा धूरही येतो, असे असेल तर कॉम्प्रेशनची तपासणी करून घ्यावी. ती केल्याशिवाय इंजिन खोलण्यास संमती देऊ नये. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत निळा धूर टर्बोच्या सीलमुळेही येतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास इंजिन स्वतःचेच तेल इंधन म्हणून ओढून बेफाम फिरू लागते आणि चावी काढली तरी थांबत नाही.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बहुतेक देशी गाड्यांसाठी काहीशे रुपयांत मिळते. मात्र ते बसवण्याचे काम निगुतीने व्हावे लागते. ॲल्युमिनियमचा काठ स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर पडलेल्या चरांतून नवे पॅकिंगही गळते. बोल्ट जोर लावून आवळण्याची सवय त्याहून घातक. अनेक इंजिनांत या बोल्टना १० न्यूटन मीटरच्या आसपासच जोर पुरतो, म्हणजे चाकाच्या नटाला लागणाऱ्या जोराच्या सुमारे दहावा भाग. अधिक आवळल्यास कव्हर वाकते. सिलिकॉनची पेस्ट सर्वत्र थापली जाते तीही गैर. कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांपुरतीच ती लावावी, कारण आत सुटलेले तिचे तुकडे चेंबरमधील तेलाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला तेल कमी पडते. गळती थांबवण्यासाठी जाड तेल घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. कडक झालेले रबर त्याने मऊ होत नाही.

फरशीवर डाग नाही म्हणून काम पुढे ढकलणे मात्र धोक्याचे. मॅनिफोल्डभोवतीच्या पत्र्याआड तेलाने भिजलेली धूळ साचत जाते आणि लांबच्या चढावर तीच पेट घेऊ शकते. साफसफाईनंतर विसरलेले फडके तर वातीचेच काम करते. धूर रेघेपुरता न राहता बॉनेटच्या फटींतून येऊ लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवावे आणि बॉनेट एकदम पूर्ण उघडू नये, कारण आत शिरलेली हवा आग भडकवते.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ओघळत असेल, तर मागचे क्रँक सील गेलेले असते. ते सील स्वस्त, पण बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा क्लच प्लेट झिजत आली असल्यास तीही त्याच वेळी बदलून घेणे श्रेयस्कर, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.

पॅकिंग बदलल्यावरही मॅनिफोल्डवर उरलेले जुने तेल जळेपर्यंत एक-दोन दिवस वास येतो, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र दोन-तीन महिन्यांतच नवे पॅकिंग पुन्हा ओले झाले, तर दोष रबराचा नसून ब्रीदरचा असण्याची शक्यता मोठी. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारे वायू या नळीवाटे बाहेर पडतात. ती काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलले जाते. नळी आणि तिचा व्हॉल्व्ह साफ करून पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. मोकळ्या ब्रीदरनंतरही तेल भरण्याच्या झाकणातून धूर जोराने फसफसत असेल, तर मात्र रिंगा झिजल्याचा संशय रास्त ठरतो.