कॅमेरा चालू, कायदा एक्सपायर : न्यूयॉर्कच्या स्पीड कॅमेऱ्यांची गोष्ट

गेल्या महिन्यात माझ्या आतेभावाचा फोन आला. तो न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्स भागात राहतो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, त्यामुळे मी त्याला दादाच म्हणतो. 'हॅलो'च्या आधीच त्याचं सुरू झालं.

"अरे, घरी पन्नास डॉलरची नोटीस आलीये. स्पीड कॅमेऱ्याची. आणि त्या दिवशी गाडी मी चालवतच नव्हतो, रूममेट घेऊन गेला होता!"

"फोटोत दिसत असेल ना दादा, कोण चालवतंय ते."

"तेच तर! फोटो गाडीच्या मागून काढलाय. फक्त नंबर प्लेट. तू सॉफ्टवेअरवाला ना, मग सांग, एवढा भारी कॅमेरा लावला आणि चेहरा का नाही घेतला?"

मलाही आधी तो डिझाइनमधला बग वाटला. पण त्या कॅमेऱ्यांमागचा कायदा वाचला आणि कळलं, की चेहरा न घेणं ही त्या सिस्टीमची रिक्वायरमेंट आहे. आणि ती रिक्वायरमेंट शहराने नाही, राज्याने लिहिलीये. सगळी गंमत तिथेच आहे.

आधी टेक्निकल भाग : वेग मोजतात कसा?

रस्त्यावरचे स्पीड कॅमेरे साधारण दोन पद्धतींनी वेग मोजतात, रडार किंवा लेझर. रडारची पद्धत समजायला सोपी आहे. ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरतो, हे आपण रोज अनुभवतो. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. रडार आवाजाऐवजी रेडिओ लहरी सोडतं. त्या गाडीवर आपटून परत येतात तेव्हा त्यांची फ्रिक्वेन्सी किंचित बदललेली असते.

किती किंचित? समजा रडार २४ गिगाहर्ट्झवर चालतंय, म्हणजे सेकंदाला २४ अब्ज कंपनं. ताशी ५६ किलोमीटरने समोरून येणाऱ्या गाडीमुळे त्यात साधारण अडीच हजार हर्ट्झचा फरक पडतो. एवढासा फरक ओळखून सॉफ्टवेअर वेग काढतं. वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की फोटो निघतो, त्यावर तारीख, वेळ, जागा आणि वेग नोंदवला जातो. नोटीस पाठवण्याआधी शहराचा एक माणूस तो पुरावा बघून सही करतो. म्हणजे शेवटचं बटण मशीन दाबत नाही.

न्यूयॉर्क शहरात बहुतेक रस्त्यांवर ताशी २५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. मर्यादेपेक्षा १० मैलांहून जास्त वेग असेल तरच नोटीस येते. म्हणजे २५ च्या रस्त्यावर ३५ पर्यंत कॅमेरा काही बोलत नाही. १० मैल म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. २५ ऐवजी ३५ ने गाडी आदळली तर ऊर्जा जवळपास दुप्पट होते. शाळेतून सुटलेल्या पोरासाठी हा फरक किरकोळ नाही.

मग दंड मालकाला का?

कारण पोलिसाने थांबवून केलेली कारवाई आणि कॅमेऱ्याची नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसाने पकडलं तर ड्रायव्हरच्या लायसन्सवर पॉइंट चढतात, इन्शुरन्स महागू शकतो. कॅमेऱ्याच्या नोटिशीत पॉइंट नाहीत, फक्त ५० डॉलर. ड्रायव्हर कोण होता हे सिद्धच करायचं नसल्यामुळे चेहऱ्याची गरज उरत नाही.

हा एक सौदा आहे. सरकार म्हणतं, आम्ही तुझा चेहरा घेणार नाही, पण तुझ्या गाडीची जबाबदारी तुझी. गाडी चोरीला गेली असेल तर सूट मिळते. रूममेटला चावी दिली असेल तर नाही. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे वसुली रूममेटकडूनच करायची." बरोबर.

शहराला कायदा मागायला का जावं लागतं?

न्यूयॉर्क हे श्रीमंत, ऐंशी लाखांहून जास्त वस्तीचं शहर. तरी शाळेजवळ स्पीड कॅमेरा लावायचा निर्णय ते एकटं घेऊ शकत नाही. वाहतुकीचे नियम हा राज्याचा विषय आहे आणि राज्याची राजधानी आहे अल्बनी, शहरापासून दोन-अडीचशे किलोमीटरवर. शहराला हवा असलेला कायदा तिथल्या असेंब्ली आणि सिनेट या दोन सभागृहांत पास व्हावा लागतो, मग गव्हर्नरची सही. कल्पना करा, पुण्यातल्या एका शाळेबाहेर कॅमेरा लावण्यासाठी महापालिकेला दरवेळी मुंबईच्या विधानभवनातून नवा कायदा करून आणावा लागला तर?

शहराने राज्याला 'आम्हाला हा कायदा हवाय' असं अधिकृतपणे कळवण्याला तिथे 'होम रूल मेसेज' म्हणतात. होम रूल म्हटलं की आपल्याला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातले लोकमान्य टिळक आठवतात. संदर्भ अर्थातच वेगळा, पण प्रश्न तोच : आमच्या घरातले निर्णय कुणी घ्यायचे?

तर हा प्रवास असा झाला. २०१३ मध्ये राज्याने फक्त २० शाळांच्या परिसरात प्रयोग म्हणून परवानगी दिली. २०१४ मध्ये आकडा १४० झाला. २०१९ मध्ये ७५०, पण सोमवार ते शुक्रवार, सकाळी ६ ते रात्री १०. शनिवार-रविवारी आणि मध्यरात्री कॅमेरे गप्प. १ ऑगस्ट २०२२ पासून ते चोवीस तास, आठवडाभर चालू झाले. प्रत्येक पायरीला पुन्हा अल्बनी.

२०१८ : मशीन ठीक, परवानगी संपली

या कायद्याला एक्सपायरी डेट असते. २५ जुलै २०१८ ला ती आली. त्याआधी मुदतवाढ मिळायला हवी होती, पण राज्याच्या सिनेटने मतदान न घेताच सुट्टी घेतली. आणि शहरातल्या बहुतेक स्पीड कॅमेऱ्यांचं काम थांबलं.

मी डेव्हलपर म्हणून हे वाचलं तेव्हा मला एसएसएल सर्टिफिकेट आठवलं. वेबसाइट धडधाकट असते, सर्व्हर चालू असतो, पण सर्टिफिकेट रिन्यू करायला कुणीतरी विसरतं आणि ब्राउझर लाल पाटी दाखवतो. इथेही तसंच. वीज होती, रडार होतं, सॉफ्टवेअर होतं. नव्हता तो फक्त अधिकार. फरक एवढाच, की इथे कुणी विसरलं नव्हतं. राजकारणात अडकलं होतं.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडणार होत्या. शेवटी गव्हर्नरने आणीबाणीचे अधिकार वापरून आदेश काढला, शहराच्या कौन्सिलने आपला ठराव केला आणि शाळा सुरू होताना कॅमेरे परत चालू झाले. पक्का कायदा व्हायला २०१९ उजाडलं. सध्याची मुदत २०३० पर्यंत आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग ही एक्सपायरी डेट काढूनच टाका ना! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जरा थांबा.

कायदा की कॉन्फिग फाइल?

या कायद्याचं कलम वाचताना मला कॉन्फिग फाइल वाचल्यासारखं वाटलं. किती ठिकाणी : ७५०. कुठे : शाळेपासून पाव मैलाच्या आत. कधीपासून दंड : १० मैलांच्या वर. किती दंड : ५० डॉलर. रोज मशीनची सेल्फ-टेस्ट करून ऑपरेटरने नोंदवहीत सही करायची. वर्षातून एकदा बाहेरच्या स्वतंत्र प्रयोगशाळेकडून मशीन तपासून घ्यायचं. ड्रायव्हर, प्रवासी किंवा गाडीतलं सामान फोटोत ओळखू येऊ नये, यासाठी शक्य ती काळजी घ्यायची. प्रकरण निकाली निघालं की फोटो नष्ट करायचे. दरवर्षी राज्याला अहवाल द्यायचा. आणि शेवटी, अमुक तारखेला हे सगळं आपोआप बंद.

म्हणजे रस्त्यावर कॅमेरा बसवताना तो काय बघेल याबरोबरच काय बघणार नाही आणि किती दिवस बघेल, हेही कागदावर आहे. एक्सपायरी डेटमुळे दर काही वर्षांनी शहराला आकडे घेऊन उभं राहावं लागतं. शहराच्या वाहतूक विभागाच्या अहवालांनुसार कॅमेरे बसवलेल्या ठिकाणी वेगमर्यादा मोडण्याचं प्रमाण सरासरी ७० टक्क्यांहून जास्त घटलं. मुदतवाढ मागताना हाच आकडा शहराच्या कामी आला. तारीख नसती, तर आकडे दाखवायची सक्ती कुणी केली असती?

२०१८ चा घोळ मुदतीमुळे झाला हे खरंच. पण तेव्हा नडलं ते पुनर्विचार वेळेवर न होणं. मुदत असण्यात चूक नव्हती.

जे पैसे भरून सुटतात त्यांचं काय?

या सिस्टीमला एक मोठं भोक आहे. पॉइंट नाहीत, त्यामुळे लायसन्स जात नाही. ज्याला ५० डॉलरचं काही वाटत नाही, तो उडवतच राहतो. वर्षात शंभरहून जास्त नोटिसा आलेल्या गाड्याही तिथे सापडल्यात. काहीजण प्लेट झाकतात, खोट्या प्लेट लावतात.

म्हणून अल्बनीत 'स्टॉप सुपर स्पीडर्स' नावाचं विधेयक आलं. २०२५ मध्ये चर्चेत असलेल्या मसुद्यात म्हटलं होतं, की वर्षात १६ किंवा जास्त कॅमेरा-नोटिसा आल्या तर त्या गाडीत वेग रोखणारं यंत्र बसवायचं. हे यंत्र जीपीएसवरून गाडी कुठल्या रस्त्यावर आहे ते ओळखतं, नकाशातून तिथली मर्यादा काढतं आणि त्यापलीकडे ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिनला ताकद देत नाही. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये याचा सौम्य प्रकार सक्तीचा आहे, तिथे ड्रायव्हर तो बाजूला सारू शकतो.

अडचण? फ्लायओव्हरवर असताना मॅप तुम्हाला पुलाखाली दाखवतो, तो अनुभव आठवा. वर मर्यादा ८०, खाली ४०. जीपीएस चुकलं तर गाडीही चुकणार. शिवाय कॅमेरा तुम्हाला एका जागी बघतो, हे यंत्र सगळीकडे बरोबर असतं. मग तो लोकेशन डेटा कोण ठेवणार, किती दिवस? कॉन्फिग फाइलमध्ये नव्या ओळी लागणार.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे ही चौकट केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातून येते. २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ नुसार कॅमेरा किंवा स्पीड गनला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं. पुढे कॅमेरा आहे असा फलक हवा. नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी आणि चलान निकाली निघेपर्यंत त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायला हवी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरून जाताना कमानींवरचे कॅमेरे आपण सगळ्यांनी बघितलेत. पण हा नियम किती जणांनी वाचलाय?

पुढचं ई-चलान आलं की लगेच पे करू नका आणि लगेच शिव्याही घालू नका. मेसेजमधली लिंक न दाबता सरकारी पोर्टलवर स्वतः जाऊन फोटो, जागा, वेळ आणि नोंदवलेला वेग बघा. चूक तुमची असेल तर भरा. नसेल तर तक्रार करा.

आणि तुमच्या गल्लीत नवा कॅमेरा लागला, की 'किती मेगापिक्सेलचा' याच्या पुढचे प्रश्न विचारा : मर्यादा कुणी ठरवली, फोटो कोण बघतं, कधी पुसला जातो आणि परवानगी कधी संपते?

दादाने ५० डॉलर भरले. रूममेटने दिले की नाही, ते मात्र अजून कळलेलं नाही.