दप्तर आणि संगणक (भाग ६) : परत आलेल्या माणसाचे दोन नंबर

दिवाळीच्या आगेमागे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि जुन्नर-आंबेगावात हंगामी माणसांची कामावर परतायची वेळ होते. शिरोलीजवळच्या निवृत्तीनगरचा विघ्नहर असो की पारगावच्या दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, साखर कारखाना म्हटला की काटा क्लार्क, चिटबॉय, पॅनमन, गोडाऊनवरची माणसे हंगामाबरोबर येणार आणि पट्टा पडला की घरी जाणार. जो कायम हंगामी आहे त्याचे नाव मस्टरवर असतेच. घोळ होतो तो दुसऱ्यांचा. कुणी कंत्राटदारामार्फत आलेला असतो, कुणी मध्ये दोन वर्षे चाकणच्या कंपनीत काढून परतलेला, कुणी लग्नानंतर आडनाव बदलून पुन्हा रुजू झालेली. कारखाना, डेअरी, पतसंस्था, खासगी शाळा, माणसे सोडून जातात आणि परत येतात अशा प्रत्येक कचेरीला आजचा भाग लागू आहे.

टाइम ऑफिसमध्ये गर्दी असते. जुना कोड शोधत बसण्यापेक्षा नवा उघडणे सोपे वाटते, आणि दोन मिनिटांत एकाच माणसाची दोन खाती तयार होतात. मग हजेरीचे यंत्र बोट घ्यायला नकार देते, कारण तेच बोट जुन्या कोडावर आधीच नोंदलेले असते. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइल क्रमांक टाकला की ‘हा क्रमांक आधीच वापरात आहे’ असे येते. पासवर्ड बदलायला जावे तर ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या सिमवर जातो. माणूस समोर उभा असतो आणि संगणक त्याला ओळखत नाही.

अशा वेळी पहिला मोह होतो जुने खाते डिलीट करण्याचा. तो आवरावा, अगदी निक्षून सांगतो. खाते म्हणजे नुसती लॉगिनची चावी नव्हे. मागच्या हंगामात काट्यावर कोणत्या गाडीचे वजन कुणी नोंदवले, हे त्या खात्याच्या नावाने लिहिलेले असते. त्याच वजनावर शेतकऱ्याचे बिल निघते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उद्या वजनाबद्दल तक्रार आली आणि नोंद करणाऱ्याचे खातेच उडालेले असले, तर उत्तर कोण देणार? सातबाऱ्यावर आपण जुने नाव खोडत नाही, कंस करतो आणि फेरफार क्रमांक लिहितो. संगणकातही तसेच करायचे असते.

म्हणून जुना कोड कायम ठेवावा. तो पुन्हा चालू करून त्यात रुजू होण्याची नवी तारीख वेगळी ओळ म्हणून टाकावी. आधीची रुजू आणि सोडल्याची तारीख तशीच राहू द्यावी. नव्या कोडावर आठ-पंधरा दिवसांची हजेरी, उचल, ओव्हरटाइम चढला असेल तर तो पगार बंद होण्याआधी जुन्यावर वळवावा. हे करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा. नव्या कोडावरून मोबाइल आणि ईमेल काढून घेतल्याशिवाय ते जुन्याला जोडता येत नाहीत, हा क्रम चुकला की तीच सूचना पुन्हा पुन्हा येत राहते. शेवटी नवा कोड ‘दुबार, वापरू नये’ असा शेरा मारून निष्क्रिय करावा.

ईमेलच्या बाबतीत मुदतीचे भान हवे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये डिलीट केलेला वापरकर्ता ३० दिवसांपर्यंत परत आणता येतो, गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवसांपर्यंत. हंगाम संपून पुढचा सुरू होईपर्यंत सहा महिने जातात, तेव्हा ही मुदत आपल्या कामाची नाही. माणूस जाताना खाते निलंबित करावे, म्हणजे पत्रव्यवहार राहतो.

एक गोष्ट मात्र जुन्या खात्यासोबत परत येता कामा नये, ती म्हणजे जुने अधिकार. मागच्या वर्षी काट्यावर असलेला माणूस यंदा स्टोअरमध्ये असेल, तर वजनाच्या स्क्रीनची परवानगी त्याला आपोआप मिळू नये. खाते चालू करतानाच सगळे अधिकार काढावेत आणि आजच्या कामापुरते नव्याने द्यावेत.

कचेरीतला घोळ कचेरीत निस्तरतो. भविष्य निर्वाह निधीतला घोळ मात्र त्या माणसाच्या म्हातारपणापर्यंत जातो, आणि हा भाग लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. २०१४ मध्ये प्रत्येक सभासदाला १२ अंकी यूएएन मिळू लागला. नोकरी बदलली तरी हा क्रमांक एकच राहावा, अशी योजना. पण जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही, किंवा रुजू होताना फॉर्म ११ वर जुना क्रमांक सांगितला नाही, की दुसरा यूएएन निघायचा. २०२१ पासून आधार जोडल्याशिवाय पीएफचा भरणाच होत नाही, त्यामुळे नवे दुबार क्रमांक कमी झाले. पण त्याआधीचे अजून पडून आहेत. त्यात नाव एका ठिकाणी आडनावापासून, दुसऱ्या ठिकाणी वडिलांच्या नावाशिवाय. किंवा माहेरचे एकीकडे, सासरचे दुसरीकडे.

यात काय जाते ते पाहा. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ प्रमाणे मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. हंगामी माणसाला या योजनेत मोठा आधार आहे : वर्षात पाच-सहा महिनेच काम झाले, तरी ते पूर्ण वर्ष धरले जाते. समजा एका क्रमांकावर ६ हंगाम आहेत आणि दुसऱ्यावर वेगळ्या वर्षांतले ५. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही अपुरे. एकत्र केले तर ११ वर्षे, म्हणजे ५८व्या वर्षी पेन्शन. जुन्या क्रमांकावर ‘थोडेच तर पैसे आहेत’ म्हणून १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतली, की ते ६ हंगाम गेले. हा सल्ला देणारे सायबर कॅफेत नेहमी भेटतात, ऐकू नये.

जुळवणीसाठी आधी जुन्या पगारपत्रकावरून सभासद क्रमांक शोधावा. पुण्याचा असेल तर त्याची सुरुवात पीयूपीयूएन या अक्षरांनी होते. जुन्या आस्थापनेकडून सोडल्याची तारीख भरून घ्यावी. मालक दाद देत नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासद पोर्टलवर स्वतः ती टाकू शकतो. नाव, जन्मतारीख, लिंग दोन्हीकडे आधारप्रमाणे करून घ्यावे. मग चालू क्रमांकावरून ऑनलाइन हस्तांतरणाचा अर्ज करावा. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार दोन्ही यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचे आणि एकाच आधारशी जोडलेले असतील, तर या अर्जाला मालकाची मंजुरी लागत नाही. एखादा क्रमांक त्याआधीचा असला तरी आधार एकच आणि नाव, जन्मतारीख, लिंग तंतोतंत सारखे असल्यास हीच सवलत मिळते. म्हणूनच नावाची दुरुस्ती आधी आणि अर्ज नंतर.

पैसे वळले म्हणून निश्चिंत होऊ नये. पेन्शनची सेवा वळली की नाही, हे पासबुकातल्या रकमेवरून कळत नाही. ते ‘परिशिष्ट के’ मध्ये दिसते. त्याची प्रत मागून घ्यावी आणि त्यातले हंगाम एकेक मोजावेत.

ज्यांचे ऑनलाइन अडते त्यांच्यासाठी भविष्य निधी कार्यालय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर घेते. त्या दिवशी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना आधार, बँकेचे पासबुक, दोन्ही क्रमांक आणि असतील तेवढी जुनी पगारपत्रके सोबत न्यावीत. लेबर ऑफिसरांनी आपल्या कचेरीतल्या अशा माणसांची यादी करून स्वतः त्यांच्याबरोबर जावे, कारण सोडल्याची तारीख भरण्याचे लॉगिन त्यांच्याकडेच असते.