गाठ निघाली म्हणून पिशवीच काढायची?

आपल्या वस्त्यांमधून फिरताना एक गोष्ट आम्हाला फार खटकते. तिशी-पस्तिशीतल्या भगिनी "माझी पिशवी काढली" हे दाढ काढल्यासारखे सहज सांगून जातात. का काढली असे विचारले, तर "सोनोग्राफीत गाठ निघाली, ठेवली तर कॅन्सर होईल म्हणाले" एवढेच उत्तर मिळते. वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की महिला मंडळातल्या काहीजणी आपली फाईल आमच्यापुढे ठेवतात. कारकुनाला कागद वाचता येतो, हा त्यांचा विश्वास. त्या कागदांवर पुष्कळदा एकच शब्द असतो : फायब्रॉईड.

फायब्रॉईड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढलेली गाठ. ती कॅन्सर नव्हे. फायब्रॉईड समजलेली गाठ पुढे कॅन्सरची निघाली असे क्वचितच, हजारात एखाद-दुसऱ्या बाईच्या बाबतीत घडते. गाठ वाटाण्याएवढी असते, नारळाएवढीही होते. कित्येक बायकांना ती असल्याचे जन्मभर कळत नाही. पाळी कायमची गेली की बहुतेक गाठी आपोआप आकसतात. म्हणून त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवणे, ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी करणे, हाही उपचारच होय.

ज्यांना त्रास होतो त्यांचे मात्र हाल असतात. आठ-दहा दिवस अंगावरून जाते, रक्ताच्या गाठी पडतात, ओटीपोट जड होते, लघवीला सारखे जावे लागते. रक्त कमी होऊन जिना चढताना धाप लागते. अशा अंगाने सोयाबीनची सोंगणी करायची, कपाशी वेचायची, आणि शेतात आडोसा नाही! घरात सांगावे तर "बायकांचे असतेच" म्हणून विषय संपतो. मग कोणी "काढून टाका, कटकट संपेल" म्हटले की बाई अंगठा उठवते.

या अगतिकतेचा बाजार कसा होतो ते आपल्या शेजारच्या मराठवाड्याने दाखवले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहा जणींत एक. देशभराच्या २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, पाळीच्या दिवसांतही कोयता थांबवता येत नाही. त्यात कॅन्सरची भीती घालणारा भेटला की काम झाले. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रीला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाजू मांडली होती. त्यांच्या लेकींना आज पाळीत एक दिवस टेकायला मिळू नये, याला काय म्हणावे?

बिहार, छत्तीसगड, राजस्थानातही हेच चालले होते. त्याविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल देऊन, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. बळी पडलेल्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गातल्या बायकाच मोठ्या संख्येने होत्या. आम्हाला त्याचे नवल वाटले नाही.

तर मग पिशवी न काढता काय करता येते? पहिली पायरी औषधाची. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या ट्रानेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्तस्राव कमी होतो. सोबत लोहाच्या गोळ्या हव्यातच. दुसरी, हार्मोनची तांबी. नेहमीच्या तांबीने पाळी वाढू शकते, हिने ती कमी होते, आणि एकदा बसवली की काही वर्षे काम देते. मात्र गाठीने पिशवीचा आतला आकार फार बिघडला असेल तर ती टिकत नाही.

गाठ पिशवीच्या आत डोकावत असेल तर योनिमार्गे दुर्बीण घालून ती आतूनच कापून काढतात. पोटाला टाका नाही, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. गाठ भिंतीत किंवा बाहेरच्या अंगाला असली तर पोटावर तीन-चार बारीक छिद्रे पाडून दुर्बिणीने गाठ तेवढी काढतात व पिशवी शिवून ठेवतात. मूल हवे असलेल्या भगिनींसाठी हा मार्ग मोलाचा आहे.

आणखी एक उपाय आमच्याकडे फारसा कोणी सांगत नाही. पॅरिसच्या डॉक्टरांनी तो १९९५ साली जगापुढे मांडला. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या रोहिणीपर्यंत नेतात आणि वाळूसारखे सूक्ष्म कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. पाटाचे पाणी बंद केले की पीक वाळते, तसे. पूर्ण भूल लागत नाही, दवाखान्यात एक-दोन दिवस. पहिल्या दिवशी पोट मात्र फार दुखते, थोडा ताप येतो. सहा महिन्यांत गाठ साधारण निम्मी होते. पण पुढे मूल हवे असेल तर हा उपाय सहसा सुचवत नाहीत. पाच वर्षांत चार-पाच जणींत एकीला तरी पुन्हा काही उपचार करावा लागतो. हे काम करणारे डॉक्टरही नागपूर, मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांतच आहेत.

पिशवी काढणे कधीच योग्य नसते असे आम्ही म्हणत नाही. गाठी पुष्कळ व मोठ्या आहेत, मुले झाली आहेत, बाकीचे उपाय थकले आहेत, तेव्हा तोच मार्ग बरा. तोही दुर्बिणीने किंवा योनिमार्गे होतो का, हे विचारावे. पोट फाडले तर दीड महिना हंडा उचलता येत नाही आणि मजुरी बुडते. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. ती तपासणी कॅन्सरसाठी तातडीने झालीच पाहिजे.

कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. डॉक्टरपुढेही ते लागू आहे. गाठ किती सेंटिमीटरची, नेमकी कुठे, थांबलो तर काय होईल, अंडाशय ठेवणार की काढणार? हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. अंडाशय लवकर काढले तर हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. आमच्या पाहण्यातल्या कित्येकींना आपले अंडाशय आहे की गेले हेच ठाऊक नाही.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्या, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. त्यासाठी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय, अकोल्याचे सर्वोपचार किंवा संभाजीनगरची घाटी गाठता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते त्यालाच विचारा. सोबत रेशनकार्ड, आधारकार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट असू द्या. शस्त्रक्रिया झालीच, तर डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागून घ्या, आणि झेरॉक्स घरच्या पेटीत ठेवा.