दोन गुणांचं स्वमत

बारावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ‘पर्सनल रिस्पॉन्स’ नावाची एक कृती असते. गुण दोन. वाचून तुला काय वाटलं ते तुझ्या शब्दांत लिही, एवढीच मागणी. यंदा सराव परीक्षेचा गठ्ठा तपासायला घेतला, तर मोहर्लीची पोरगी, आगरझरीचा पोरगा आणि पद्मापूरच्या खाणकामगाराचा मुलगा या तिघांनाही गोष्ट वाचून अगदी एकसारखंच वाटलेलं. स्वल्पविरामासकट. गाईडच्या त्या पानावर एक स्पेलिंग चुकलंय, तेही सगळ्यांनी इमानेइतबारे उतरवलेलं. येत्या जूनमध्ये मी निवृत्त होतेय. जाताजाता हा गठ्ठा हातात यावा, याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आणि 2010 नंतरची वर्षं आठवायची म्हटली, तर सरल, शालार्थ, यू-डायस अशी पोर्टलांची नावंच तेवढी आठवतात. शिकवलं ते मधल्या दहा वर्षांत.

आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या जंगलालगत. तिथं 1955 चं ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि 1986 चं अंधारी अभयारण्य एकत्र करून 1995 साली व्याघ्र प्रकल्प झाला. मोहर्लीच्या फाटकावरचे नियम कडक होत गेले. कालपर्यंत जिथं गुरं जायची, बाया मोहफुलं वेचायच्या, तिथं आता पाटी. त्याच सुमारास शाळेच्या कपाटात मला सोप्या इंग्रजीतल्या गोष्टींची काही पुस्तकं सापडली. मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं; पहिलीपासून झालं ते 2000 साली. म्हणजे माझ्या आठवीच्या पोरांची इंग्रजीशी ओळख जेमतेम तीन वर्षांची. मी एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायची, अडेल तिथं मराठीतून सांगायची. या वाचनाला गुण नव्हते, त्यामुळं गाईडही नव्हतं.

ऑस्कर वाइल्डची ‘द सेल्फिश जायंट’ वाचली, तो तास मला लख्ख आठवतो. राक्षस सात वर्षं मित्राकडं राहून परत येतो, बागेत खेळणाऱ्या पोरांना हाकलतो, भोवती भिंत बांधतो, आत येणाऱ्यावर कारवाई होईल अशी पाटी लावतो. पाटीपर्यंत आले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हा तर आपला रेंजर होय!” वर्ग खदखदला. एका वनमजुराचा पोरगा तेवढ्यात उठला. “सारे आत घुसले तं वाघानं कुठं जावं? राक्षसाचं बराबर हाये.” त्याच्यावर सगळे तुटून पडले. वाद चालला होता तेव्हा खिडकीशेजारची, एरवी हजेरीलाही तोंडातल्या तोंडात ‘यस मॅडम’ म्हणणारी पोरगी म्हणाली, “राक्षस सात वर्स गावाले गेलता. तेवढी वर्स बागेत पोरंच होती. मंग बाग कोनाची?”

मी फळ्याकडं वळले आणि तिचा प्रश्न इंग्रजीत लिहिला. पोरांनी वहीत उतरवून घेतला. पुढं 2006 मध्ये संसदेनं वनहक्क कायदा केला, 2009 मध्ये शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या बातम्या वाचताना मला ती पोरगीच आठवली. गोष्टीत पोरं परत आल्यावर वसंत येतो आणि मग राक्षस भिंत पाडतो, हे मात्र कुणालाच पटलं नव्हतं. भिंत पाडली की रानडुकरं धानात येतात, हे त्यांना वाइल्डपेक्षा जास्त ठाऊक होतं.

टॉलस्टॉयच्या पाखोमची गोष्टही तशीच गाजली. सूर्य मावळायच्या आत जेवढ्या जमिनीला फेरा मारशील तेवढी तुझी, या अटीवर तो धावत सुटतो आणि शेवटी कोसळतो. हाव वाईट, हे तात्पर्य मी सांगणार तोच एक जण म्हणाला, “आमच्या आजाले तं कोनी पळूच नाई देल्लं.” आजोबाची शेती इरई धरणात गेली होती, चंद्रपूरच्या वीजकेंद्राला पाणी लागतं म्हणून बांधलेलं ते धरण. पाखोमला निदान स्वतःच्या पायानं हद्द आखता आली, ही त्या पोराची तक्रार. टॉलस्टॉयला ती सुचली नसती. पुढं 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधलं बोटेझरी गाव हललं, मग नवेगाव, जामणी. तेव्हा त्या तक्रारीचा अर्थ मला आणखी कळला.

या वाचनाच्या काळातच एक तपासणी पथक येऊन गेलं. शेरेबुकात नोंद झाली: अवांतर वाचनात वेळ जातो, स्वाध्याय वह्या अपूर्ण. पोरांच्या वह्यांतलं ‘बाग कोनाची’ वाचायची कुणाला गरज वाटली नाही. मोडकं इंग्रजी तेवढं लाल शाईनं अधोरेखित झालं. त्या साहेबांना मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मग कृतिपत्रिका आली, आणि तिच्यासोबत पर्सनल रिस्पॉन्स. मला आनंद झाला होता. आपण चोरून करत होतो ते आता राजरोस होणार. झालं उलटं. गुण लागले की उत्तर लागतं, उत्तर लागलं की छापील उत्तर येतं. तुला काय वाटलं, हेही आता पाठ करून जायचं.

पोरं बथ्थड झाली, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. बारावीच्या पुस्तकात ओ. हेन्रीची ‘द कॉप अँड द अँथम’ आहे. हिवाळा तुरुंगात काढावा म्हणून ‘सोपी’ नावाचा माणूस नाना खटपटी करतो, पण पोलीस त्याला धरत नाहीत. चर्चमधलं संगीत ऐकून तो सुधारायचं ठरवतो आणि नेमका तेव्हाच पकडला जातो. वर्गात हे वाचलं तर एक पोरगा पटकन बोलला, “जंगलात बी असंच होते, मॅडम. रोजचा लाकूडचोर सुटते, अन् बैल शोधाले गेलेला सापडते.” किती नेमकं! आणि सराव परीक्षेत त्याच पोरानं काय लिहिलं? मानवी स्वभावाच्या गुंतागुंतीवर गाईडमधली गुळगुळीत चार वाक्यं. का रे, असं विचारलं तर म्हणाला, “माझ्या इंग्रजीत लिवलं तं मार्क कटते.” त्याचा हिशेब चुकीचा नाही. आम्ही परीक्षकांनीच त्याला तो शिकवलाय.

फेब्रुवारीत बोर्डाचे पेपर सुरू होतील. परीक्षकांना आणि नियामकांना माझी जाताजाता विनंती आहे: आदर्श उत्तरपत्रिका बाजूला ठेवा. क्रियापद चुकलेलं, स्पेलिंग बिघडलेलं, पण पोराचं स्वतःचं उत्तर दिसलं, तर दोनपैकी दोन द्या. आणि गाईडातलं ओळखीचं वाक्य दिसलं, तर शून्य द्यायला कचरू नका.